समजायला लागणारा वेळ

दि. ६ नोव्हेंबर

आदरणीय विहीणबाईंना मनापासून नमस्कार.

आम्ही इकडे ठणठणीत आहोत. तुम्हीही तशाच असाल असं धरून चालते, कारण विचारायला फोन केला की तुम्ही "बरं आहे, बरं आहे" म्हणता आणि ठेवून देता. पत्राचं बरं असतं. रागानं बाजूला ठेवलं तरी पुन्हा उचलता येतं.

माझा गुडघा हल्ली माझं ऐकत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना "ऊठ, उभा राहा" केलं, त्याची परतफेड चालली असावी. तुमच्या जावयांचं काम जोरात आहे. दाताच्या कवळ्या बनवणारा माणूस घरात असला की जेवताना मोठ्यानं हसायची चोरी होते. लगेच वाकून बघतो, कुठला दात हलतोय का ते. बैठकीच्या खोलीला नवे पडदे लावलेत. रंग मला आवडलेला नाही, पण मी बोलले नाही. सून आल्यापासून मी बऱ्याच गोष्टी बोलत नाही आणि त्याचा मला फार अभिमान आहे.

तुमची लेक बरी आहे.

एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही, ठाऊक आहे मला. तुम्ही गणिताच्या मुख्याध्यापिका, मी इतिहासाची बाई; दोघींनी हयात खडूच्या धुळीत काढली. "बरी आहे" हा शेरा प्रगतिपुस्तकात आपण कुठल्या मुलांना द्यायचो, हे दोघींनाही माहीत आहे. तर नीटच सांगते.

तिला शाळेनं गणित शिकवायला आठवी 'ड' दिली आहे. माझीच जुनी शाळा, त्यामुळे मला आतलं सगळं कळतं. वर्ग व्हरांड्याच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीला लागून. मोटार चालू झाली की शिकवणाऱ्याचा आवाज बुडतो. आमच्या वेळी शिक्षकांच्या खोलीत एक विनोद चालायचा, 'ड' च्या पुढे काय येतं, तर 'ढ'. मीही हसायचे. तुमच्या शाळेतही असंच काही म्हणत असतील.

तिची शिकवायची तऱ्हा वेगळी आहे. फळ्याचा अर्धा भाग ती चुकांसाठी राखून ठेवते. कुणाचं उत्तर चुकलं की ते पुसत नाही, तिथे लिहिते आणि वर्गाला विचारते, "हे उत्तर कुठल्या वाटेनं आलं?" मग सगळे मिळून ती वाट शोधत बसतात. बाकीच्या तुकड्यांचे धडे पुढे गेले, हिचे मागे राहिले. पालकांत कुजबुज सुरू झाली. एका वडिलांनी तर मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं, "बाई शिकवतच नाहीत, नुसतं विचारतात. आम्ही पोरांना उत्तरं आणायला पाठवतो हो, प्रश्न आमच्या घरी रग्गड आहेत."

आता शाळा समितीनं ठरवलंय की या महिनाअखेरीला तिचा खुला पाठ घ्यायचा. समिती वर्गात बसणार. तिला कायम करायचं की नाही ते त्यावर ठरेल. आणि 'ड' च्या मुलांना पुढच्या वर्षी खरं गणित ठेवायचं की 'सोपं गणित' द्यायचं, तेही. सोपं गणित घेतलेल्यांना पुढे कुठल्याही तंत्रशाळेत प्रवेश नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी दार बंद.

मुख्याध्यापक परवा घरी आले होते. माझ्यासमोर अजून उभं राहून बोलतात. म्हणाले, "बाई, तुम्हीच सुनेला दोन गोष्टी समजावा. शिकवणं म्हणजे सांगणं. तिनं सांगावं, मुलांनी ऐकावं, लिहून घ्यावं. एवढं साधं आहे." मी त्यांना चहा दिला. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मीही आयुष्यभर तेच मानत आले. ज्ञान आपल्याकडे असतं, ते मुलांच्या डोक्यात ओतायचं, आणि ज्याच्या डोक्याला भोक त्याला नाइलाज. माझी मुलं पास व्हायची. तुमचीही व्हायची. मग चुकतंय ते हिचं, असं मला वाटायला हवं होतं. तसं वाटेना, म्हणून चहा दिला.

खुला पाठ सत्तावीस तारखेला आहे. तुम्ही आलात तर मागे बसायला जागा आहे. सहज आपलं सुचवते. तिनं सांगितलेलं नाही, तिला हे पत्रही ठाऊक नाही.

तब्येतीला जपा.

आपली,
विहीण

---

दि. २ डिसेंबर

प्रिय विहीणबाई,

तुमचं कार्ड मिळालं. "प्रकृतीमुळे येणे जमणार नाही." अक्षर इतकं सुंदर की प्रकृतीवर विश्वास बसेना. असो.

पडदे, गुडघा, जावई, सगळं जागच्या जागी आहे. आज त्यांच्याबद्दल लिहायला मला सवड नाही. सत्तावीस तारीख सांगते.

मागे चार खुर्च्या मांडल्या होत्या. समितीचे अध्यक्ष, म्हणजे लाकडाच्या वखारीचे मालक, मुख्याध्यापक, ते "प्रश्न रग्गड आहेत" म्हणणारे वडील, पालकांच्या वतीनं, आणि जुनी शिक्षिका म्हणून मी. तुमच्या लेकीनं पांढरी साडी नेसली होती. मी सकाळी म्हटलं, "अगं, खडू लागला तर दिसणार नाही, हुशार आहेस." ती म्हणाली, "अहो आई, घाम आला तर दिसू नये म्हणून." तेव्हा कळलं की पोर घाबरलीय.

फळ्यावर तिनं लिहिलं, सहा भागिले अर्धा. "किती?"

वर्गात एक मुलगी आहे. सगळे तिला चिमणी म्हणतात, कारण तिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही. ती पुटपुटली, "तीन." पाठोपाठ निम्मा वर्ग, तीन, तीन. तेवढ्यात एक पोरगा उठला. याला नाव पडलंय वकील. म्हणाला, "बारा! उलटं करून गुणायचं, नियम आहे."

तुम्ही असतात तर काय केलं असतं? मी असते तर "शाब्बास, बस खाली" म्हणून पुढचं गणित घातलं असतं. तुमच्या लेकीनं तीन आणि बारा दोन्ही एकाच मापात फळ्यावर लिहिले. बरोबरची खूण नाही, फुली नाही. अध्यक्ष खाकरले. मुख्याध्यापकांनी रुमाल काढला.

"आता मला कुणी काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "तीनवाल्यांनी बारावाल्यांना पटवायचं, बारावाल्यांनी तीनवाल्यांना."

वकील म्हणाला, "पटवायचं काय त्यात? नियम म्हणजे नियम."

आणि चिमणी उभी राहिली. "पण भागलं की कमी व्हायला पाहिजे ना? सहाचे बारा कसे होतील? हा भागाकार आहे की जादू?"

वर्ग हसला. वकील पुन्हा "नियम..." एवढंच म्हणाला. त्याला उत्तर येत होतं, कारण येत नव्हतं. मग सगळा वर्ग गप्प झाला. विहीणबाई, ती शांतता काय सांगू! माझ्या जिभेच्या टोकावर उत्तर नाचत होतं. टाकीची मोटार बंद, बाहेर पाखरू नाही, आणि तुमची लेक हाताची घडी घालून उभी. अध्यक्षांना राहवेना. "अहो बाई, सांगून टाका ना एकदाचं!"

ती वळून अदबीनं म्हणाली, "थोडं थांबू या, साहेब. विचार चाललाय."

मुलं बोलली नाहीत, यालाच मी आजवर "येत नाही" म्हणत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मुलांचे चेहरे पाहिले आणि दिसलं की विचार खरंच चाललाय. एक जण बोटांनी बाकावर रेघा ओढत होता, एक जण डोळे मिटून ओठ हलवत होता.

शेवटी चिमणी फळ्याशी गेली. तिनं सहा लांब रेघा काढल्या. "या फळ्या," ती म्हणाली. वखारवाले एकदम सावरून बसले. प्रत्येक फळी तिनं मधोमध कापली, आणि तुकडे मोजले. बारा. तिचे खांदे पडले. "म्हणजे माझं चुकलं."

"ते राहू दे," तुमची लेक म्हणाली. "तुझं तीन आलं कुठून? वाऱ्यावरून तर नाही आलं."

पोरगी बराच वेळ आपल्याच आकड्याकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "बाई, मी 'अर्ध्यानं भागा' ऐकलंच नाही. मी 'अर्धं करा' ऐकलं."

"मग तीन हे उत्तर चूक की बरोबर?"

"बरोबर. पण दुसऱ्याच प्रश्नाचं."

तुमच्या लेकीनं तीनच्या शेजारी तो दुसरा प्रश्न लिहिला, 'सहाचं अर्धं किती?' आणि म्हणाली, "आज आपल्याला दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली." किती मुलांची किती उत्तरं मी लाल शाईनं खोडली असतील; त्यातली कितीतरी कुठल्यातरी दुसऱ्या प्रश्नाची असतील, मी विचारलंच नाही. मी रडायला बसलेली नाही हां. माझ्या काळात मी माझं काम चोख केलं. पण अजून नवं कळू शकतं, याचा मला त्या क्षणी फार आनंद झाला.

अध्यक्षांनी खिंडीत गाठायचं म्हणून मागून प्रश्न टाकला, "दहा भागिले पाव?" चिमणी म्हणाली, "चाळीस." हे मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू आलं, माझ्या कमी ऐकू येणाऱ्या डाव्या कानालासुद्धा. आणि अध्यक्ष काय म्हणाले असतील? "कशावरून?" त्यांनाही लागण झाली! मग वकील आणि चिमणी दोघं मिळून त्यांना समजावत बसले, एका फळीचे चार तुकडे, दहा फळ्यांचे चाळीस. ते "प्रश्न रग्गड आहेत" वाले वडील माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "आमची बोलत नाही हो घरी कधी इतकं." चिमणी त्यांची मुलगी. मला माहीतच नव्हतं.

निकाल सांगून टाकते. तुमची लेक कायम झाली. 'ड' ला खरं गणित राहिलं.

आता जे मी गेल्या पत्रापासून टाळतेय ते.

पाठ संपल्यावर अध्यक्षांनी तिला विचारलं, "हे असं शिकवायला तुम्हाला कोणी शिकवलं?" कुठल्या तरी महाविद्यालयाचं नाव येईल असं आम्हाला वाटलं. ती म्हणाली, "माझी आई म्हणायची, मला समजायला वेळ लागतो. ते खरंच होतं. कुठे अडलं, कसं सुटलं, हे सगळं मला अजून आठवतं. तो वेळ मी या मुलांना देते."

एवढंच. त्यात राग नव्हता, विहीणबाई. मी जवळून बघत होते.

नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी आपण सगळे तुमच्याच घरी होतो. तुम्ही म्हणालात, "जिला स्वतःला एक गोष्ट कळायला चार दिवस लागतात, ती दुसऱ्याला काय शिकवणार?" तुम्ही वाईट हेतूनं म्हणाला नाहीत. ज्याला झटकन येतं त्यालाच येतं, हे तुमचं जन्माचं गणित होतं, आणि त्याच गणितावर तुम्ही शेकडो हुशार मुलं पुढे पाठवलीत. पण त्या दिवसापासून तुम्ही दोघी एकमेकींशी बोललेल्या नाहीत. तिच्या तोंडून अवाक्षर नाही, तुमचं "बरं आहे, बरं आहे." मधे मी आपली पडद्यांचे रंग लिहीत बसते.

समितीनं तिला सांगितलंय की पंधरा जानेवारीला आणखी एक पाठ घे, आजूबाजूच्या शाळांतले गणिताचे शिक्षक बघायला येतील. तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात. आमंत्रण आपोआपच लागू होतं. माफी मागायला बोलावत नाही, आणि तिला मागायला लावणारही नाही. या, आणि बघा फक्त.

तुमच्या प्रकृतीला लवकर आराम पडो, म्हणजे पंधराच्या आत.

तुमची,
तुमच्या लेकीची सासू

---

दि. २१ जानेवारी

प्रिय विहीणबाई,

सुखरूप पोचलात हे फोनवर कळलं. फोन तिनं घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही, त्यामुळे माझा नंबर लागलाच नाही. म्हणून पुन्हा पत्र. तुम्ही तिथे होतातच, मग नवीन काय सांगायचं, असं म्हणाल. सांगायचंय. तुम्ही होतात, पण तुमची पाठ होती.

त्या दिवशी वकिलानं हात वर केला तेव्हाच मला धाकधूक झाली होती. "बाई, वजा गुणिले वजा अधिक का होतं?" वर्गभर बसलेले ते सगळे पाहुणे शिक्षक हसले. एक जण म्हणाले, "नियम आहे बाळा." आणि वकील, जो कालपर्यंत नियमाच्या बाजूनं भांडायचा, तो म्हणाला, "ते कळलं सर, पण का?"

तुमच्या लेकीनं वर्गावरून नजर फिरवली आणि ती तुमच्यावर थांबली. "मागे एक पाहुण्या बसल्यात. त्यांनी जन्मभर गणित शिकवलंय. त्यांना विचारू या?" मला वाटलं, ही आता वचपा काढते की काय. मग तिचे डोळे पाहिले. तिला खरोखर विचारायचं होतं. लहानपणी जशी तुम्हाला विचारत असेल तशी.

तुम्ही उठलात. "नियम असा आहे की..." म्हणालात, आणि थांबलात. मला वाटलं, आता तुम्ही पाठ असलेलं काहीतरी सांगून बसाल. इतक्या माणसांत कुणीही तेच करेल. तुम्ही म्हणालात, "मला जरा वेळ लागेल."

"घे ना, आई," ती म्हणाली. "इथे कसली घाई नाही."

'आई' ऐकल्याबरोबर सगळी डोकी गर्रकन मागे वळली. तुम्ही फळ्याकडे गेलात आणि खडू उचललात. इथपासून तुमची पाठ तिच्याकडे. इथून पुढचं मी सांगते.

तुम्ही लिहिलंत, वजा तीन गुणिले दोन, वजा सहा. खाली, गुणिले एक, वजा तीन. त्याखाली, गुणिले शून्य, शून्य. तिथे तुम्ही अडलात. खडू तसाच हवेत. वकिलाला बहुधा सुचलं, तो "मी, मी" करत उठला, तर तिनं ओठांवर बोट ठेवून त्याला बसवलं. डस्टर दोन्ही हातांत पाठीमागे इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी झाली. उत्तर तिला येत होतं. सांगायचं नाही म्हणून ती स्वतःला आवरत होती. पोहायला शिकणाऱ्या मुलाला आई पाण्यात सोडते ना, आणि हात मात्र पाण्याखाली तयार ठेवते, तसा तो चेहरा.

मग तुम्ही हळूच म्हणालात, "वजा सहा, वजा तीन, शून्य... प्रत्येक पायरीला तीन वाढतायत. म्हणजे पुढची पायरी..." आणि लिहिलंत, वजा तीन गुणिले वजा एक, अधिक तीन. "दुसरं काही येऊच शकत नाही. नाहीतर जिना मधेच तुटेल." तुमचा आवाज चढला होता. तुम्ही शाळेतल्या मुलीसारख्या उडी मारायच्या बाकी होतात. ते क्षणभरच, पण तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही वळेपर्यंत पांढऱ्या पदरानं तिनं ते टिपलं होतं, आणि तुम्हाला दिसली ती टाळ्या वाजवणारी बाई. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मास्तरांनीही वाजवल्या. वकील म्हणाला, "एवढी वर्षं शिकवून आज कळलं तुम्हाला?" आणि तुम्ही म्हणालात, "आज विचारलंस तू." शेजारच्या शाळेतल्या एका बाईंनी ते लिहून घेतलं. मी पाहिलं.

तुमची गाडी गेल्यावर ती स्वयंपाकघरात येऊन बसली. मी कणीक मळत होते. बराच वेळ काही बोलली नाही, आणि मीही आता न बोलणाऱ्या माणसाला लगेच ढोसत नाही. मग म्हणाली, "अहो आई, आईलापण वेळ लागतो."

मी म्हटलं, "लागतो की."

"म्हणजे मी कुणावर गेलेय हे आज कळलं." आणि हसली. तुमच्यासारखीच, डाव्या गालानं.

मी हे तुम्हाला कळवणार हे तिला माहीत आहे. माझी गुप्त पत्रं तिला पहिल्यापासून माहीत होती म्हणे. "पहिल्यावर तुम्ही तिकीट कमी लावलं होतं, ते मी वाढवून टाकलं." घ्या! मी उगीच लपवाछपवी करत होते.

पुढच्या महिन्यापासून शाळेत दर शनिवारी शिक्षकांची बैठक भरणार आहे. कुठल्या मुलानं कुठली चूक केली आणि ती कुठून आली, एवढ्यावरच बोलायचं. मुख्याध्यापकांनी स्वतः काढलेली कल्पना, असं ते सगळ्यांना सांगतात. सांगू देत. मीही जाणार आहे, इतिहासातल्या चुका घेऊन. तुम्हीही या. तिनं विचारायला सांगितलंय असं नाही. तिनं आमच्या घरी एक खोली तुमच्या राहण्यासाठी रिकामी करून तिथे टेबल लावलंय, म्हणजे आता विचारायचं काही उरलंच नाही.

मात्र एक सांगून ठेवते. तीस-पस्तीस वर्षं या रस्त्यानं मी 'इतिहासाच्या बाई' म्हणून मान वर करून चालले. परवा औषधाच्या दुकानात गोळ्या घ्यायला गेले, तर चिमणीचे वडील रांगेतून बाजूला सरकले आणि दुकानदाराला म्हणाले, "यांना आधी द्या, आमच्या गणिताच्या बाईंच्या सासूबाई आहेत." माझी सगळी कमाई एका वाक्यात गेली, आणि मी घरी येईपर्यंत एकटीच हसत होते. तुम्ही इथे राहायला आलात की तुमच्याही मुख्याध्यापिकापणाचं हेच होणार. तयारीनं या.

तुमचीच,
गणिताच्या बाईंची सासू